परमुलखातील पाहुणचार

मनुष्य आपले गाव सोडून दुसऱ्या मुलखात बिऱ्हाड करतो, तेव्हा तो आपल्याबरोबर काय काय नेतो याची यादी करू गेल्यास ती फार लांबत नाही. चार भांडी, देव्हाऱ्यातील देव, पदरी असलेली थोडीफार विद्या आणि बोलण्याची एक ढब, एवढेच काय ते. शेत नेता येत नाही, नदी नेता येत नाही, ग्रामदैवताचे देऊळ तर मुळीच नाही. या मागे राहिलेल्या वस्तूंची उणीव रोजच्या धांदलीत विशेष जाणवत नाही. ती जाणवते घरी पाहुणे आले म्हणजे. पाहुण्यांना काय खाऊ घालावे, हा प्रश्न कोणतीही गृहिणी सोडवू शकते. परंतु त्यांना कोठे न्यावे, काय दाखवावे आणि कोणत्या देवाच्या दर्शनास घेऊन जावे, हे ठरविण्याची वेळ आली की यजमानाला प्रथम स्वतःलाच एक प्रश्न विचारावा लागतो : आपण या गावचे आहोत, की या गावात केवळ आलेले आहोत?

हैदराबादेतील मराठी माणसाच्या वाट्याला हा प्रश्न पुनःपुन्हा आलेला आहे. त्याचा इतिहासही जुना आहे. दक्षिण दिग्विजयाच्या वाटेवर असताना 1677 साली छत्रपती शिवाजी महाराज भागानगरास, म्हणजे आजच्या हैदराबादेस, आले. गोवळकोंड्याचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा याने त्यांचा मोठा आदरसत्कार केला. सुलतानाचे कारभारी मादण्णा आणि आकण्णा या बंधूंचे साह्यही त्या भेटीस होते. सुमारे महिनाभर पाहुणचार घेऊन महाराज निघाले आणि पुढे कृष्णेच्या काठी श्रीशैल येथे मल्लिकार्जुनाच्या दर्शनास गेले. तेथील उत्तरेकडील गोपुर अद्यापही त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्या भेटीतील राजकारण इतिहासकारांकडे सोपविले तरी तिच्यातील क्रम मनात राहतो. आधी परक्या राज्यातील पाहुणचार आणि मग त्याच वाटेवरील देवाचे दर्शन! यजमान मुसलमान सुलतान, पाहुणा मराठा राजा आणि देव तेलुगू मुलखातला. दख्खनच्या पाहुणचाराचा हा एक जुना नमुना होय.

पुढे निजामाच्या अमदानीत तर मराठवाड्यातील लोकांना हैदराबाद हे परमुलखातले शहर वाटण्याचे कारणच उरले नाही. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या पाचही मराठी जिल्ह्यांची राजधानी तीच होती. 1900 साली मनमाड ते सिकंदराबाद असा लोहमार्ग झाला आणि गोदावरीकाठचा माणूस एका रात्रीत मुसा नदीच्या काठी येऊन पोहोचू लागला. तो यायचा तो काही शहर पाहावयास नव्हे. जमिनीच्या दाव्याचे अपील हायकोर्टात असायचे. घरचे आजारी माणूस उस्मानिया दवाखान्यात दाखवायचे असायचे. मुलाला पुढील शिक्षणासाठी 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात घालायचे असायचे, आणि तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू असल्याने आधी त्याला ती भाषा पक्की करावयास ठेवायचे असायचे. सोलापूरकडून येणाऱ्याला तर आपले कलदार रुपये देऊन निजामी राज्याचा हाली शिक्का घ्यावा लागे. अशा काळी सुलतानबाजार आणि कोठी या भागांतील मराठी घरे ही घरे कमी आणि धर्मशाळा अधिक, अशी असत. पक्षकार, रोगी आणि विद्यार्थी हे तीन प्रकारचे पाहुणे तेथे महिनोन् महिने राहत. त्यांना कोणी तिथी विचारीत नसे.

सुलतानबाजाराचा हा भाग ब्रिटिश रेसिडेन्सीच्या अमलाखाली होता आणि 1933 साली तो निजामाकडे परत आला. निजामी राज्यात सभा भरविणे आणि संस्था काढणे हे जितके दुर्घट होते, तितके ते या भागात नव्हते. म्हणूनच तेलुगू भाषेचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे ग्रंथालय 1901 साली याच परिसरात निघाले. मराठी मंडळीही मागे राहिली नाहीत. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या परिश्रमाने विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था वाढली. 1931 साली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेस भरले आणि ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर हे त्याचे अध्यक्ष होते. त्या वेळी सारा महाराष्ट्र हैदराबादेचा पाहुणा झाला होता, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

मग आला 1956 सालचा नोव्हेंबर महिना. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेस भाषावार प्रांतरचनेनुसार हैदराबाद संस्थानाची तीन शकले झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. मराठी लोकांनी ज्याची मागणी केली होती तेच झाले, आणि ते इष्टही होते. परंतु कोठीच्या गल्लीतील मराठी गृहस्थ आदल्या रात्री आपल्या राजधानीत निजला आणि सकाळी उठला तो परप्रांतात. घर जागचे हलले नव्हते. राज्य हलले होते. पुढे 2 जून 2014 रोजी तेलंगण राज्य वेगळे झाले. निजामाचे राज्य, स्वातंत्र्योत्तर हैदराबाद राज्य, आंध्र प्रदेश आणि तेलंगण अशी चार राज्ये एकाच उंबरठ्यावरून गेलेली पाहणारी वृद्ध माणसे या शहराने पाहिली आहेत.

राज्याबरोबर पाहुणेही बदलले. अपिले मुंबईकडे गेली. 1958 साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि विद्यार्थ्यांचा ओघ तिकडे वळला. गरजेपोटी येणारा पाहुणा हळूहळू येईनासा झाला. त्याच्या जागी केवळ आपुलकीने येणारा पाहुणा आला, आणि तोही शनिवार-रविवार एवढ्या दोन दिवसांपुरता. महिनाभराचा पाहुणचार ज्या घराने सहज पेलला, त्याला दोन दिवसांचा पाहुणचार अवघड वाटावा, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. पण तसे घडते खरे. गरजेने आलेला माणूस घरात मिसळून जातो. भेटीस आलेला माणूस घराकडे पाहत राहतो.

आबिड्सच्या डाकघरामागील एखाद्या गल्लीतले असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. आबिड्स हे नावच मुळी एका परक्या माणसाचे आहे. सहावा निजाम मीर महबूब अली खान याच्या पदरी अल्बर्ट आबिद नावाचा एक आर्मेनियन सेवक होता. निजामाचे कपडे, घड्याळे, दागिने ही त्याच्या देखरेखीची कामे. त्याने या जागी दुकान थाटले. दुकान गेले, दुकानदार गेला, निजामशाहीही गेली. नाव मात्र राहिले. येथे पुतळ्याभोवतीच्या चौकात आज ज्यांची वाहने गुरफटतात, त्यांतील बहुतेकांना हा आबिद कोण होता याची गंधवार्ताही नसते. गावात उपरा म्हणून आलेला माणूस गावाला आपले नाव देऊन जाऊ शकतो, ही गोष्ट त्या गल्लीतील मराठी यजमानाला मात्र धीर देणारी आहे.

या घरातील गृहस्थ बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालेले. घरात पत्नी आणि नव्वदीच्या घरातील आई. एका शनिवारी दोन बाजूंनी पाहुणे येतात. नांदेडहून चुलत बंधू आणि त्यांच्या पत्नी. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराहून मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात. एका घरात एकाच वेळी गोदावरी आणि अमेरिका उतरली म्हणजे यजमानीणबाईंची कोण धावपळ होते, हे सांगावयास नको. त्यातून शनिवार हा व्यंकटेशाचा वार, आजींचा उपवास. त्यांच्यासाठी साबुदाणा वेगळा, नातीसाठी तिखट कमी आणि पाहुण्यांसाठी सर्व काही अधिक.

जेवावयास बसल्यावर वांग्याची भाजी पानात पडते. दाण्याचे कूट, तीळ, खोबरे आणि चिंच घातलेले हे हैदराबादी बगारे बैंगन. नांदेडच्या वहिनी घास घेऊन म्हणतात, "अहो, ही तर आपली भरली वांगीच की! चिंच तेवढी सढळ हाताने पडली आहे."

"होय हो वहिनी," यजमानीणबाई हसून म्हणतात, "इथे चिंचेवाचून पान हलत नाही. आताशा आम्हालाही तिच्यावाचून चव लागत नाही."

इतके सरळ बोलणे. पण त्यातील 'आताशा' या शब्दात साठ-सत्तर वर्षांचा इतिहास भरलेला आहे. जिभेने नव्या मुलखाशी तह केव्हा केला, हे जिभेच्या धन्यालाही कळत नाही. आणि भाजीचे जे झाले तेच भाषेचेही झालेले असते. दादांना, म्हणजे नांदेडच्या चुलत बंधूंना, यजमानांचे मराठी ऐकून गंमत वाटते. 'हौ' हा होकार, मध्येच डोकावणारा उर्दू शब्द, वाक्याच्या शेवटी तेलुगू वळणाचा हेल. दादा थट्टेने म्हणतात, "तुझे मराठी आता निराळेच झाले बुवा!"

थट्टा निर्मळ असते, तरी लागते. परक्या मुलखात तीन पिढ्या जपलेली वस्तू स्वतःच्या माणसाने हाती घेऊन, ही जरा निराळीच दिसते, असे म्हणावे, यासारखे दुःख नाही. यजमान रागावत नाहीत. ते म्हणतात, "दादा, उद्या बाहेर पडाल तेव्हा रिक्षावाल्याचे बोलणे ऐका. तो 'नक्को' म्हणतो. वाक्यात जोर द्यायचा झाला की आपला 'च' लावून बोलतो. आमच्या मराठीत त्यांची बोली शिरली हे खरे. पण त्यांच्या बोलीत आपले मराठी किती शिरले आहे, तेही पाहा."

यजमानांचे हे म्हणणे भाषाशास्त्रालाही मान्य होण्यासारखे आहे. हैदराबादच्या दख्खनी उर्दूतील 'नक्को' हा मराठी 'नको' आहे, आणि शब्दावर जोर देणारा तिच्यातील 'च' हाही मराठीचाच आहे. भाषांचा शेजार हा माणसांच्या शेजारासारखाच असतो. वाटीभर साखर उसनी जाते आणि वाटीभर पीठ उसने येते. हिशेब कोणी ठेवीत नाही. पी. व्ही. नरसिंह राव हे याच शहरातून राजकारणात वर आले आणि पुढे देशाचे पंतप्रधान झाले. त्यांनी हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीचे तेलुगूत भाषांतर केले होते. मराठी घरातील एका बालविधवेची कथा तेलुगू वाचकांच्या घरी पाहुणी म्हणून गेली, ती अशा यजमानामुळे.

जेवणे उरकतात. पाने उचलली जातात. मग दादा मूळ विषयास हात घालतात. त्यासाठीच ते बहुधा आलेले असतात. "आता येथे तुमचे कोण आहे? मुलगा तिकडे सातासमुद्रापलीकडे. गल्लीतील जुनी मराठी बिऱ्हाडे एकेक करून गेली. हे घर विकून टाका आणि नांदेडला या. चार आपली माणसे तरी जवळ असतील."

यावर कोणी लगेच बोलत नाही. दादांचे बोलणे चुकीचे नसते, हीच त्यातली अडचण असते. आबिड्समधील जागेला मोल आलेले आहे. जिने चढणे म्हाताऱ्या माणसांना जड जाते. सणावारी घरी येणारी मराठी माणसे मोजकीच उरली आहेत. व्यवहाराने पाहू गेल्यास घर विकणे हेच शहाणपणाचे ठरेल. आजी तेवढ्या म्हणतात, "उद्या पहाडावर जाऊन येऊ. मग बोला काय बोलायचे ते."

रविवारी सकाळी आबिड्सची दुकाने बंद असतात आणि त्यांच्या पायऱ्यांपुढे, पदपथावर, जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. दादांना पुस्तकांची आवड. इंग्रजी आणि तेलुगू पुस्तकांच्या राशीत हात घालता घालता अशा बाजारात एखादे जुने मराठी पुस्तक हाती लागावे आणि त्याच्या पहिल्या पानावर धन्याची सही उर्दू लिपीत असावी, यात नवल काही नाही. मराठी वाचणारा, उर्दूत सही करणारा असा एक सुशिक्षित वर्ग या शहरात होऊन गेला. त्याची नातवंडे आज इंग्रजीत सही करतात. असे पुस्तक हाती आले म्हणजे ते परके म्हणावे की आपले, हे ठरविणे दादांनाही सोपे जात नाही. ते किंमत न घासता पुस्तक विकत घेतात.

संध्याकाळी मंडळी नौबत पहाडाकडे निघतात. आबिड्सपासून हा पहाड दूर नाही. पूर्वी येथून नौबत झडे आणि बादशाही फर्माने पुकारली जात, म्हणून त्याचे हे नाव. त्याच पहाडावर 1976 साली बिर्ला मंदिर झाले. राजस्थानातून आणलेल्या सुमारे 2000 टन पांढऱ्या संगमरवराचे हे मंदिर. बांधणीत द्राविडी, राजस्थानी आणि उत्कल अशा तिन्ही शैलींचा मेळ आहे. गाभाऱ्यात व्यंकटेशाची सुमारे 11 फूट उंचीची काळ्या पाषाणाची मूर्ती उभी आहे. भिंतींवर नाना पंथांच्या संतांची वचने कोरलेली आहेत. कोणत्याही जातीच्या व धर्माच्या माणसाला आत येण्यास मज्जाव नाही.

दादा पायऱ्या चढून वर येतात आणि सवयीने त्यांचा हात घंटेसाठी वर जातो. हात तसाच हवेत राहतो, कारण या मंदिरात घंटाच नाही. ध्यानास शांतता लाभावी म्हणून रामकृष्ण मठाचे स्वामी रंगनाथानंद यांच्या इच्छेनुसार येथे घंटा टांगलेली नाही. नांदेडच्या माणसाला घंटेवाचून देवाला हाक कशी मारावी हे क्षणभर सुचत नाही. तेवढ्यात दहा वर्षांची नात पुढे होते, तेलुगू मुलींच्या लकबीने दोन्ही हात जोडून 'गोविंदा, गोविंदा' असे म्हणते आणि मागे वळून सांगते, "मोठे आजोबा, आमच्याकडेपण हाच देव आहे."

"तुमच्याकडे म्हणजे?" दादा विचारतात.

"पिट्सबर्गला. टेकडीवर. आम्ही शनिवारी जातो."

मुलीचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. अमेरिकेने 1965 साली परदेशातून येणाऱ्यांसंबंधीचा कायदा बदलला आणि हिंदुस्थानातील डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागले. दहा-बारा वर्षांतच त्यांना देवळाची गरज भासू लागली. पिट्सबर्गजवळ पेन हिल्स येथे तिरुपतीच्या धर्तीवर व्यंकटेशाचे मंदिर उभे राहिले, ते 1976 च्याच सुमारास. म्हणजे नौबत पहाडावर आणि पेनसिल्वेनियातील टेकडीवर बालाजी जवळजवळ एकदमच राहावयास आला. न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागातील गणपतीच्या मंदिराचा कुंभाभिषेक 4 जुलै 1977 रोजी झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त गणपतीला लाभावा, यातील योगायोग कोणालाही हसविणारा आहे. परंतु त्या दिवशी सुट्टी असते, हे ध्यानात घेतले म्हणजे परमुलखातील देवाचे पंचांग कसे चालते ते कळते.

तेथे देवाला आठवड्याच्या सुट्टीशी जुळवून घ्यावे लागते. सण मंगळवारी आला तरी पुष्कळदा गर्दी शनिवार-रविवारची. पन्नास-शंभर मैलांवरून गाड्या येतात. घरी पाहुणे आले असतील तर त्यांनाही बरोबर आणले जाते. किंबहुना पाहुण्यांना काय दाखवावे, या प्रश्नाला तेथील गृहस्थांजवळ हे पहिले उत्तर असते. फ्लशिंगच्या देवळाच्या तळघरातील उपाहारगृहात दोसा आणि इडली मिळते, आणि दर्शनाइतकीच तिचीही ओढ असते. पूजा सांगणारे पुजारी बहुधा दाक्षिणात्य. अशा देवळात पुण्याचा वा नागपूरचा मराठी माणूस प्रथम थोडा बावरतो. परंतु आबिड्सच्या गल्लीत वाढलेला मुलगा बावरत नाही. पुजाऱ्याने तेलुगूत गोत्र विचारले तरी त्याला ते समजते. चिंचेचा भात त्याच्या जिभेला ठाऊक असतो. ज्या भेसळीबद्दल नांदेडला त्याची थट्टा झाली असती, तीच सातासमुद्रापलीकडे त्याच्या उपयोगी पडते.

आणि खरे पाहता व्यंकटेश हा मराठी माणसाला परका तरी केव्हा होता? मराठवाड्यात व्यंकटराव हे नाव घरोघरी आढळते. देवीदासांचे मराठी व्यंकटेश स्तोत्र म्हणणारी माणसे खेडोपाडी आहेत. वऱ्हाडात देऊळगाव राजास बालाजीची मोठी यात्रा भरते. अनेक मराठी घराण्यांचे कुलदैवतच मुळी तिरुपतीच्या डोंगरावर आहे. उलट, ज्या विठ्ठलाला मराठी माणूस आपला म्हणतो, त्याला मराठी संतांनीच कानडा म्हटले आहे. देवांच्या बाबतीत प्रांतांच्या सीमा कधीच नीटशा आखल्या गेल्या नाहीत, आणि भाषावार प्रांतरचना करणाऱ्यांनीही त्या आखण्याचा प्रयत्न केला नाही, हे बरेच झाले.

मंदिराच्या वरच्या सज्जातून हुसेनसागराचे पाणी दिसते. त्याच्या मध्यभागी 1992 साली बसविलेला बुद्धाचा उभा पुतळा दिसतो. दिवेलागणीची वेळ असते. संगमरवर दिवसभर तापलेला असतो आणि आता हळूहळू निवत असतो. आजी एका बाजूस बसतात. त्यांच्या शेजारी कोणी तेलुगू वृद्धा बसलेली असते. दोघींचे काही बोलणे होते; अर्धे तेलुगू, अर्धे दख्खनी. सुनांच्या विषयावर दोघींचे एकमत झाल्याचे दुरूनही दिसते. येथे यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे सांगणे कठीण. घरी यजमान आणि पाहुणे असे दोन पक्ष असतात. देवळात आले म्हणजे सर्वच पाहुणे होतात. आणि एकदा सर्वच पाहुणे ठरले, की परकेपणाची लाज कोणालाच उरत नाही.

रात्री दादा घराचा विषय पुन्हा काढतात, पण आवाज कालचा नसतो. यजमान म्हणतात, "घराचे पाहू पुढे. म्हणता ते मला पटत नाही असे नाही. पण दादा, हे घर विकले, तर पुढच्या वर्षी तुम्ही उतरणार कुठे?"

या प्रश्नाला व्यवहाराच्या दृष्टीने उत्तर आहे. हैदराबादेत उतरावयास जागांचा तोटा नाही. तरी दादा ते उत्तर देत नाहीत. ते विकत घेतलेल्या पुस्तकाचे सुटलेले पान नीट बसवीत राहतात. घर विकले जाईल की राहील, हे त्या रात्री ठरत नाही आणि असे प्रश्न एका रात्रीत ठरतही नसतात. सोमवारी पहाटे काचीगुड्याच्या स्थानकावर निरोपाची बोलणी होतात. नांदेडच्या वहिनींच्या पिशवीत बगाऱ्या बैंगनाचा मसाला असतो आणि यजमानीणबाईंच्या ओट्यावर नांदेडहून आलेल्या काळ्या मसाल्याचा डबा असतो.

अशा घरांचे पुढे काय होणार, हा प्रश्न केवळ हैदराबादेचा नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर या सर्व ठिकाणी मराठी माणूस राज्याच्या वा चाकरीच्या निमित्ताने गेला आणि निमित्त संपल्यावरही राहिला. आता पिट्सबर्ग आणि न्यूयॉर्क येथेही तोच क्रम चालू झाला आहे. अशा ठिकाणी भाषा कशी टिकते, याचा विचार करताना शाळा, मंडळे आणि ग्रंथालये यांची नावे प्रथम सुचतात. त्या संस्था हव्यातच. त्यांच्या वाचून काही टिकणार नाही. परंतु दहा वर्षांच्या मुलीने 'मोठे आजोबा' ही हाक शाळेत शिकावी कशी? ज्याला ती हाक मारावयाची, तो माणूस घरात यावा लागतो. काका, मामा, आत्या, वहिनी हे शब्द कोशात असतात. ते तोंडात यावयाचे तर त्या नात्याची माणसे पंक्तीला बसावी लागतात. पाहुणा जेव्हा बोलतो, तेव्हा घरातील मुले नकळत ऐकतात. मराठी शिकविण्याची इतकी स्वस्त आणि रुचकर पद्धत दुसरी नाही.

मात्र या पाहुणचाराला दुसरीही एक बाजू आहे आणि ती विसरली तर पहिली फुकट जाईल. आपल्याच भाषेच्या माणसांना बोलवावे, आपलेच पदार्थ करावेत आणि दार लावून घ्यावे, असे केल्याने घराचा किल्ला होतो. किल्ला कितीही भक्कम असला तरी आतील धान्य एक दिवस संपते. परमुलखातील देवळाचा खरा उपयोग येथे आहे. तेथे आपल्या पाहुण्याला घेऊन जाताना यजमान शेजाऱ्याच्याही अंगणातून जातो. तेथे तेलुगू वृद्धा भेटते, घंटा नसलेले मंदिर भेटते, चिंचेचा भात भेटतो. आपला पाहुणा आणि आपला शेजारी यांची गाठ जो घालून देतो, त्याला परमुलखात राहण्याबद्दल कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

नांदेडच्या माणसाने म्हणूनच हैदराबादेस जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या भावाचे मराठी निराळे वाटले, तर ते बिघडले असे समजू नये. ते दूरचा प्रवास करून आलेले आहे, असे समजावे. आणि हैदराबादच्या यजमानानेही पाहुण्याच्या थट्टेने खट्टू होऊ नये. ज्या घरी दूरचे पाहुणे अजून हक्काने येतात आणि ज्या घरचे यजमान त्यांना गावच्या देवाच्या दर्शनास हक्काने नेतात, ते घर कोणत्या राज्यात मोडते याची चिंता सरकारी दप्तरांनी करावी. त्या घरच्या माणसांनी उद्याच्या पाहुण्यासाठी एक पान अधिक मांडावे, म्हणजे पुरे.